वेरूळ पाहिलेला माणूस रिकामी गुहा का लिहितो?

रसिक : इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरचं ‘अ पॅसेज टू इंडिया’ आपल्या शहरातल्या वाचकानं परक्याचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. १९१३च्या वसंतात, मुंबईहून परतीची बोट गाठण्याआधीच्या दिवसांत तो इथे होता. छत्रपती संभाजीनगर तेव्हा निजामाच्या राज्यातलं औरंगाबाद होतं. जिवलग मित्र सय्यद रॉस मसूद याच्या ओळखीनं तो सईद मिर्झा या तरुण मुन्सफाकडे उतरला, दौलताबाद आणि वेरूळ पाहून आला, इथल्या न्यायालयात जाऊन बसला. बोलता बोलता सईदचा इंग्रजांवरचा राग एकदा उसळला. कितीही वर्षं लागोत, तुम्हाला इथून घालवूच, अशा अर्थाचं तो बोलून गेला. तो राग अकरा वर्षांनी, १९२४ साली, कादंबरीच्या अखेरीस तिच्यातल्या डॉक्टर अझीझच्या तोंडून बाहेर पडला. म्हणजे या पुस्तकात आपल्या शहराचा आवाज आहे. पण माझं म्हणणं त्याहून मोठं आहे. साहेबाच्या राज्यात लिहिल्या गेलेल्या इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत साहेबाच्या अपराधभावाला इतक्या स्वच्छपणे न्यायालयात उभं करणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. अ‍ॅडेला क्वेस्टेड ही इंग्लंडहून आलेली तरुणी अझीझनं नेलेल्या सहलीत एका गुहेतून पळत येते, अझीझवर आरोप होतो, आणि त्या क्षणापासून तिच्या कानात एक प्रतिध्वनी घुमत राहतो. सारी गोरी वसाहत तिच्या पाठीशी असते, तरी तो थांबत नाही. भर न्यायालयात ती आरोप मागे घेते आणि मग तो आवाज जातो. टोचणीचं इतकं नेमकं रूप मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तिचा अपराध गुहेत घडलेला नाहीच. तो गुहेबाहेर, सगळ्यांनी मिळून तिच्याकडून वदवून घेतलेल्या खोट्यात आहे.

शंकेखोर : प्रतिध्वनीकडे नंतर येऊ, आधी गुहेकडे पाहू. या माणसानं वेरूळ पाहिलं होतं. ज्या राष्ट्रकूट काळात कैलास कोरला गेला, त्या काळाची सगळी देवसृष्टी, रावणानं हलवलेला पर्वत, हत्तींच्या रांगा, हे सगळं त्याच्या डोळ्यांखालून गेलं होतं. बौद्ध, हिंदू, जैन अशी चौतीस लेणी एका डोंगराच्या कडेला. आणि कादंबरीच्या मध्यभागी ठेवायला त्यानं कोणती गुहा निवडली? बिहारमधली बराबरची, काळ्या गुळगुळीत भिंतींची, आत काहीही नसलेली. बरं, बराबरसुद्धा खरोखर रिकामी आहे का? तिथल्या भिंतींवर अशोकाचे लेख आहेत, त्या गुहा आजीवक पंथाच्या साधूंना दान दिल्याचे. लोमश ऋषी गुहेच्या दारावर हत्तींची कोरीव कमान आहे. फॉर्स्टरनं ‘बराबर’चं ‘मराबार’ केलं तेव्हा लेख गेले, आजीवक गेले, कमान गेली. उरली कोरी भिंत आणि तिच्यावर आपटून परत येणारा पाहुण्याचा आवाज. हा मार्ग जुना आहे. कॉनरॅडनं १८९९ साली ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये काँगोचं हेच केलं. तिथे बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या कारभारात माणसं मारली जात होती, पण पुस्तकभर पसरला तो अरण्याचा अंधार. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५च्या आपल्या भाषणात नेमकं यावर बोट ठेवलं : एका युरोपीय मनाची पडझड दाखवायची, म्हणून अख्खा आफ्रिका खंड त्या नाटकाचा पडदा करून टाकायचा. मी तेच फॉर्स्टरला विचारतो. पोकळी तुमच्या मनात होती, तर ती आमच्या डोंगरात का नेऊन ठेवलीत?

रसिक : अचेबे यांचा आक्षेप मी कधीच झटकणार नाही. कॉनरॅडच्या पुस्तकात आफ्रिकी माणसाला जवळजवळ वाचाच नाही, हे खरंच आहे. पण इथे अझीझ बोलतो, हमीदुल्ला बोलतो. इंग्रजांशी मैत्री होऊ शकते का, यावर ते त्यांच्या घरात बसून वाद घालतात, आणि पुस्तक जवळपास तिथूनच सुरू होतं. जागा निर्मनुष्य करायची असती तर त्यानं हे दिवाणखाने कशाला लिहिले असते?

शंकेखोर : दिवाणखाने भरलेले आहेत, मान्य. गुहा मात्र रिकामी आहे, आणि पुस्तकाचा सगळा अर्थ गुहेत ठेवलाय. माझी अडचण तीच आहे. सुरुवातीच्या खर्ड्यांत फॉर्स्टरनं गुहेतला हल्ला लिहिला होता. कोणीतरी अ‍ॅडेलाला धरतो, ती दुर्बिणीनं प्रतिकार करते, असा तो प्रसंग होता. छापताना त्यानं तो गाळला आणि आत काय झालं ते कायमचं अंधारात ठेवलं. परिणाम काय झाला बघा. कोणीच काही केलं नाही, म्हणून कोणीच दोषी नाही. दोष विश्वाचा, निसर्गाचा, भारताच्या उन्हाचा. एका राजवटीच्या अन्यायाचं तत्त्वज्ञान झालं. राजकीय अपराध आध्यात्मिक धुक्यात विरघळवला की तो वाचायला सुंदर होतो आणि त्याचा जाब विचारता येत नाही.

रसिक : इथे मी तुमच्या बरोबर उलटं वाचतो. तो प्रसंग गाळणं हीच त्या लेखकाची सर्वांत मोठी नैतिक कमाई आहे. गुहेत एखादा वाटाड्या सापडला असता तर ही रहस्यकथा झाली असती. अपराधी मिळाला, अझीझ सुटला, क्लबातल्या मंडळींची फार तर चूक झाली, एवढ्यावर निभावलं असतं. जागा कोरी ठेवल्यामुळे प्रत्येकाला तिथे स्वतःचं काहीतरी भरावं लागतं, आणि भरताना तो उघडा पडतो. पोलीसप्रमुख मॅकब्राइड सांगतो की या देशात गीतेऐवजी १८५७च्या बंडाची कागदपत्रं वाचावीत. कलेक्टरची बायको म्हणते की नेटिवांनी गुहांपर्यंत रांगत जावं. हे १९१९ नंतर पुरं झालेलं पुस्तक आहे हे विसरू नका. अमृतसरच्या गल्लीत जनरल डायरनं लोकांना खरोखर पोटावर रांगायला लावलं, तेही एका इंग्रज बाईवर झालेल्या हल्ल्याचं कारण सांगून. फॉर्स्टरनं तो हुकूम चहाच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईच्या तोंडी घातला. हे धुकं नाही. आपली माणसं ऐनवेळी कशी बोलतात याची एका इंग्रजानं दिलेली साक्ष आहे.

आणि शेजारी दुसरं पुस्तक ठेवून पाहा. तेही आपल्या भागातल्या माणसाचं. फिलिप मेडोज टेलर निजामाच्या फौजेत तरुणपणी भरती झाला, औरंगाबादला राहिला, पुढे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला, तुळजापूरला त्याचं जाणं-येणं होतं. त्याची १८३९ची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ इंग्लंडात इतकी गाजली की राणी व्हिक्टोरियानं ती वाचली. त्यात अमीर अली साहेबासमोर बसून सातशे एकोणीस खून सांगतो, आणि मधली वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजार झाले असते असंही म्हणतो. रुमाल, कुदळ, गुळाचा प्रसाद, भवानीचा कौल, ही त्यातली सगळी प्रतीकं अपराध पुसणारी. देवीनं शकुन दिला, म्हणजे खून हे कर्तव्य झालं. टेलरच्या पुस्तकात पोकळी पूर्णपणे नेटिवाच्या छातीत आहे. साहेब फक्त ऐकतो आणि लिहून घेतो. साहेब कशाच्या बळावर या मुलखात न्यायाधीश होऊन बसला, हे त्याला कोणी विचारत नाही. पंच्याऐंशी वर्षांनी फॉर्स्टरनं त्या साहेबाच्या कानात आवाज घातला. हा फरक लहान आहे का?

शंकेखोर : लहान नाही. टेलरचं तुम्ही बरोबर सांगितलंत, आणि मी त्यात भर घालतो. आमच्या तुळजापूरची भवानी घराघरांची कुलस्वामिनी आहे. तिच्या नावाचा गोंधळ घालणाऱ्या मुलखातून टेलर गेला होता. तरी इंग्रजी वाचकाच्या मनात भवानी पोचली ती गळा आवळणाऱ्यांची देवी म्हणून. शिवाय अमीर अलीच्या आयुष्यात एक भयंकर गोष्ट आहे : त्याचे आईबाप ठगांनीच मारलेले असतात, आणि पुढे तो न ओळखता स्वतःच्या बहिणीचा जीव घेतो. ते कळल्यावर तो हादरतो. म्हणजे पश्चात्ताप त्याला माहीत आहे. रक्ताच्या नात्यापुरता. बाकीच्या सातशे अठरांबद्दल त्याला काही वाटत नाही. हे वाचताना मला ठगापेक्षा साम्राज्याची आठवण जास्त होते. आपल्यातलं माणूस मेलं तर शोक, दुसऱ्यांचं मेलं तर आकडा.

पण फॉर्स्टरच्या साहेबाच्या कानात आवाज घातला म्हणता, तर तो आवाज दोघींच्या कानात आहे हेही सांगा. अ‍ॅडेलाचा जातो, तिच्याबरोबर आलेल्या मिसेस मूरचा, तिच्या होणाऱ्या सासूचा, जात नाही. त्या म्हाताऱ्या बाईला गुहेत असं काही ऐकू येतं की चांगलं-वाईट, पवित्र-अपवित्र, सगळं तिला एकाच गुरगुरण्यासारखं वाटू लागतं. ठीक आहे, असं माणसाचं होतं. पण तिला माहीत असतं की अझीझ निर्दोष आहे. ती तोंडानं तसं बोलतेही. आणि साक्ष न देता पत्त्यांचा डाव मांडून बसते, मुलगा तिला बोटीत बसवून देतो, ती समुद्रात वारते. तोवर अझीझ कोठडीत आहे. मग न्यायालयाबाहेरचे लोक तिच्या नावाचा घोष करतात आणि ती जवळपास देवी होते! मला याचाच राग येतो. जीवनात अर्थ उरलेला नाही, असा साक्षात्कार होण्यासाठीसुद्धा परतीचं तिकीट लागतं. अझीझला ती चैन परवडणारी नव्हती. जिथे एक वाक्य बोलून माणूस सुटला असता तिथे गप्प बसणं, याला मी आध्यात्मिक अनुभव म्हणणार नाही.

रसिक : मीही म्हणत नाही. आणि मला वाटतं फॉर्स्टरही म्हणत नाही. त्याच गुहांतून दोन बायका बाहेर येतात, एकीच्या वाट्याला टोचणी येते, दुसरीच्या वाट्याला रितेपण. जी बोलते तिचा आवाज जातो, जी बोलत नाही तिचा राहतो. अ‍ॅडेला रुक्ष आहे, कोणाला फारशी आवडत नाही, खरं बोलल्यावर तिचं लग्न मोडतं, तिचे लोक तिला टाकतात, भारतीयही तिचे आभार मानत नाहीत. मिसेस मूर प्रेमळ आहे, सगळ्यांना हवीशी आहे, आणि ऐनवेळी काहीच करत नाही. वाचकाचं प्रेम चुकीच्या बाईकडे वळवून लेखक वाचकालाच तपासतो आहे, असं मला प्रत्येक वाचनात वाटत आलं आहे.

पण तुम्ही पोकळीचा सगळा साठा इंग्रजांकडे ठेवता आहात, तिथे तुम्हाला थोडं थांबवतो. या पुस्तकात आपलाही एक माणूस आहे, प्राध्यापक नारायण गोडबोले. दख्खनी ब्राह्मण, असं फॉर्स्टर स्वच्छ सांगतो. अझीझला अटक झाल्यावर अझीझचा इंग्रज मित्र फील्डिंग गोडबोलेला सरळ विचारतो : तो दोषी आहे की निर्दोष? आणि गोडबोले उत्तर देतो ते असं, की दुष्कृत्य घडतं तेव्हा ते सगळ्यांनीच केलेलं असतं. चांगलं आणि वाईट ही दोन्ही परमेश्वराचीच रूपं. त्याच भेटीत तो ज्या संस्थानात चालला आहे तिथल्या शाळेला नाव कोणतं द्यावं, याबद्दल सल्ला मागतो. ओळखीचा माणूस कोठडीत, आणि हा शाळेच्या नावाचा विचार करतो! त्या शाळेचं पुढे धान्याचं कोठार होतं. मराठी वाचकानं या पानावर थोडं जास्त थांबायला हवं. हा माणूस वाईट नाही. तो खराखुरा भक्त आहे. तिसऱ्या भागातल्या जन्माष्टमीत तो तुकारामाच्या नावानं भजन करतो, त्या तंद्रीत त्याला मिसेस मूर आठवते, एक गांधीलमाशी आठवते, दोघींना तो प्रेमानं कवेत घेतो. दगडाला घेऊ पाहतो, तिथे मात्र त्याची शक्ती संपते. देवास संस्थानात तुकोजीराव पवारांच्या पदरी १९२१ साली फॉर्स्टर काम करत होता. हा उत्सव त्यानं मराठी दरबारात डोळ्यांनी पाहिला होता. भक्ती आहे, करुणा आहे, आणि शेजारच्या निरपराध माणसासाठी एक शब्द नाही. अद्वैताचा असा उपयोग आपण किती वेळा केला आहे, सांगा.

शंकेखोर : हे लागलं. आणि लागायलाच हवं. आपल्या लेखकांनीही हे रितेपण पाहिलं होतं, असं आता मला म्हणावंसं वाटतं. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ १९३९चं. बोटीवरून मायदेशी येणारा चक्रधर, जर्मनीतून जीव घेऊन निघालेली ज्यू हॅर्टा, बोट मुंबईला लागली की त्याला उतरता येतं, तिला उतरता येत नाही. शेवटी ती जीव देते. तिथे रिकामी गुहा नाही, दुसऱ्याचा देश पोकळ करून दाखवलेला नाही. पोकळी चक्रधरच्या आत आहे आणि ती त्याला स्वतःच्या नावानं सांगावी लागते. गुलाम देशातला माणूससुद्धा कोणाला तरी वाऱ्यावर सोडू शकतो, हे सांगायला बेडेकरांना प्रतीकाचा डोंगर लागला नाही. गोडबोले आणि चक्रधर शेजारी ठेवले तर मी चक्रधरजवळ बसेन. त्याला निदान झोप येत नाही.

पण आपण अजून त्या न्यायालयातल्या आणखी एका माणसाकडे आलोच नाही. अ‍ॅडेला आत येते तेव्हा तिची पहिली नजर जाते ती पंखा ओढणाऱ्यावर. जवळजवळ उघडा, देखणा, समाजाच्या तळातला. कोर्टात काय चाललं आहे हे त्याला ठाऊक नाही, तो दोरी ओढतोय. हा माणूस फॉर्स्टरनं इथे पाहिला, आपल्या शहरातल्या न्यायालयात, १९१३ साली. त्याच्या रोजनिशीत पंखा ओढणारा तो निर्विकार मुलगा नोंदलेला आहे. कादंबरीत तो नियतीसारखा, देवासारखा झाला. आता हिशेब मांडा. अ‍ॅडेलाला सत्य मिळालं, मिसेस मूरला साक्षात्कार, गोडबोलेला तत्त्वज्ञान, अझीझला संताप. पंखेवाल्याला काय मिळालं? सौंदर्य. ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त अपराधी वाटायला हवं होतं त्याला प्रतीक करून टाकलं, आणि प्रतीकाची कोणी माफी मागत नाही. त्याच १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले आणि वाटेत दौलताबादला थांबले. फॉर्स्टर एकवीस वर्षांपूर्वी पाहुणा म्हणून जिथे फिरला तोच किल्ला. धुळीनं माखलेल्या मंडळींनी तिथल्या हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून शिवीगाळ झाली, जमाव जमला, आणि पुढे किल्ला पाहताना त्यांनी पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला गेला. यात साहेब कुठेच नाही. शिव्या देणारे अझीझच्या समाजातले, आणि पंखा ओढायला लावणारी रीत गोडबोलेंच्या समाजातली. फॉर्स्टरच्या अपराधाच्या नकाशात राज्यकर्ता आणि प्रजा अशा दोनच बाजू आहेत. तिसरा माणूस दोरी ओढतोय.

रसिक : तुमच्या या बोलण्यातलं एकही वाक्य मी नाकारत नाही. तरी त्या न्यायालयाचं शेवटचं चित्र आठवा. खटला कोसळतो, गोंधळ होतो, सगळे निघून जातात, दालन रिकामं होतं, आणि तो माणूस तसाच रिकाम्या कठड्यावर वारा घालत राहतो. लेखकाला त्याच्याबद्दल काही कळलं नव्हतं, पण खटला संपला तरी त्याचा प्रश्न संपलेला नाही एवढं कळलं होतं, आणि ते त्यानं लपवलं नाही. टेलरच्या जगात असा माणूस पानावर उरलाच नसता. आणि मग मी आपल्या बाजूला वळतो. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये विधवेचं दुःख आपल्या घराच्या माजघरातून बाहेर आणलं; त्यांचे उपकार मोठे. पण त्या घरांचं अंगण कोण झाडत होतं, त्या घरांत पाणी भरायला कोणाला मनाई होती, हे त्या काळच्या आपल्या कादंबरीत किती पानांवर सापडतं? फॉर्स्टरनं ज्याला सुंदर मुका केला त्याला आपण लिहिलंसुद्धा नाही. या आरोपात मी आपल्याला बाहेर ठेवू शकत नाही.

शंकेखोर : ठेवूच नका. पण मग ‘लेखकाला अपराधी वाटत होतं का’ हा प्रश्न आपण मागे टाकू. ते वाटणं स्वस्त असतं. तिथे अ‍ॅडेलाच आपली कसोटी. खरं बोलण्याची तिला किंमत पडली आणि एक माणूस सुटला. जे पुस्तक वाचून मला सुंदर उदास वाटतं आणि माझी कुठलीच सोय बिघडत नाही, ते गुहेसारखंच आहे. माझाच आवाज मला परत मिळतो.

रसिक : ही कसोटी कादंबरीला लावली तर फार थोड्या कादंबऱ्या उरतील, आणि मला ते मान्य नाही. काही पुस्तकं माणसाला करायला लावत नाहीत, फक्त खोटं बोलणं अवघड करतात. तेवढंही मला पुरतं.

शंकेखोर : मला पुरत नाही, आणि हा मतभेद आज मिटेलसं दिसत नाही. पण या शहरात ती कसोटी कोणी लावली हे बोलायचं राहू देऊ नका. १९५० साली बाबासाहेबांनी इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. पंखा ओढणाऱ्यांची नातवंडं तिथे शिकली. साठच्या दशकाच्या अखेरीस इथूनच गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक काढू लागले, आणि त्या मुलांनी स्वतःबद्दल लिहिलं ते कोणाचं प्रतीक म्हणून नाही. इंग्रजीच्या वर्गात ‘पॅसेज’ लावणाऱ्या इथल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे : न्यायालयाचं प्रकरण शिकवाल त्याच आठवड्यात बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधली दौलताबादची पानंही मुलांकडून वाचून घ्या.

रसिक : यात मी तुमच्याबरोबर आहे. आणि आधी गुहेचं, मग वेरूळचं, असंही करू. मुलांना कैलासासमोर उभं करून विचारू की लेखकानं यातलं काय काय काढून टाकलं.

शंकेखोर : विचारा. आणि सांगताना एवढं जरूर सांगा : फॉर्स्टरचं पुस्तक १९२४ साली निघालं आणि तेव्हापासून जगभर वाचलं जातंय, बाबासाहेबांनी तिशीच्या दशकात लिहिलेली दौलताबादची ती पानं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका म्हणून छापली ती १९९० साली.